हौशी कारखाना : दहाने भागलेल्या कमानी

प्रश्न : काका, बाबांची जुनी जीप विकली तेव्हा मी आठवीत होतो. आता तिचंच १:१० मॉडेल करतोय, रिमोटवर चालणारं. चासी झाली, अ‍ॅक्सल बसले, पण कमानी (लीफ स्प्रिंग) जमेनात. ओळखीच्या गॅरेजात तशीच एक जीप उभी होती. तिच्या कमानीची लांबी ९२० मिमी, रुंदी ४५, पट्टीची जाडी ५. सगळं दहाने भागून ०.५ मिमी स्टीलच्या सात-सात पट्ट्या लावल्या. दिसायला हुबेहूब, पण गाडी पाटासारखी चालते. एक चाक दगडावर चढलं की दुसरं हवेत. तयार संच ऑनलाइन मागवू का?
— एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : आत्ता तरी मागवू नकोस. पैसे जातील आणि दुखणं तेच राहील, कारण चूक तुझ्या हातात नाही, भागाकारात आहे.

लांबी, रुंदी, उंची तिन्ही दहाने भागलीस की वजन हजाराने उतरतं. कमानीचा कडकपणा मात्र सगळी मापं दहाने भागून नुसता दहानेच उतरतो. वजन हजाराने कमी आणि दबायला हवी दहाने कमी, म्हणजे कडकपणा शंभराने उतरायला हवा होता. तुझ्या कमानी दहापट कडक राहिल्या. मॉडेलवर बॅटरी-मोटरचा जास्तीचा भार पडतो म्हणून प्रत्यक्षात पाच-सहापट म्हण. तरी पाटच.

हे मी वहीत नाही शिकलो. पीथमपूरच्या टूलरूममध्ये सव्वीस वर्षं काढून मी स्वतः पहिल्या मॉडेल ट्रकला नऊ पट्ट्यांची कमान घातली होती. ती एवढी देखणी झाली की महिनाभर कबूलच केलं नाही की ती हलत नाही.

म्हणून आधी वजन कर. चाकं आणि अ‍ॅक्सल सोडून, बॅटरीसकट सगळं घरच्या किचन काट्यावर ठेव. अ‍ॅक्सलचं वजन कमानीवर येत नाही, ते धरू नकोस. समज १,८०० ग्रॅम भरलं, तर प्रत्येक कमानीला ४५० ग्रॅम. गाडी नुसती उभी असताना कमान साधारण १० मिमी दबावी, म्हणजे चाकाला खालीही जाता येतं आणि वरही. हिशेब आला मिलिमीटरला ४५ ग्रॅम. तुझ्या सात पट्ट्या मिलिमीटरला पावणेतीनशेच्या घरात जातात, म्हणजे गाडी ठेवली की दीड-पावणेदोन मिमी दबून गप्प.

आता सामान. सियागंजला हार्डवेअरच्या दुकानात जा आणि फीलर गेज माग, म्हणजे बारीक फटी मोजायचा पातळ पात्यांचा जुडगा. "मॉडेल के लिए कमानी" म्हणालास तर "भिया, ट्रक कौन सा है?" असं विचारतील. फीलर गेजची पाती मुळातच कडक स्प्रिंग स्टीलची असतात आणि प्रत्येकीवर जाडी कोरलेली असते. ०.४० चं पातं घे. एका गेजमध्ये ते एकच मिळतं, तेव्हा दोन-तीन गेज लागतील. त्यातली लांब पात्यांची निवड, कारण डोळा (बोल्ट जायला टोकाशी वळवलेली गोल कडी) वळवायला दोन्हीकडे जास्तीची लांबी हवी. जाडीचा परिणाम घनाने (जाडी × जाडी × जाडी) होतो हे लक्षात ठेव. ०.५ वरून ०.४ वर आलास की पट्टी निम्मीच कडक उरते. अशा दोन पट्ट्या एकावर एक ठेवल्या की तुझा ४५ चा आकडा जवळजवळ गाठतो.

कात्रीने कापायला जाऊ नकोस, तडकेल. पातळ कटिंग डिस्कने ४.५ मिमीची पट्टी काढ आणि दर दोन-चार सेकंदांनी पाण्यात बुडव. डोळा फक्त वरच्या पट्टीला हवा. तिची टोकं तेवढी मेणबत्तीएवढ्या बारीक ज्योतीवर लाल करून ३ मिमीच्या ड्रिलभोवती पक्कडीने वळव. मधल्या भागाला ओली चिंधी गुंडाळ. पट्टी तापताना आधी पिवळसर, मग तपकिरी, जांभळी, निळी होते. निळ्यापर्यंत फारसं बिघडत नाही. मधला भाग लाल झाला की मात्र ती पट्टी गेली, ओल्या पापडासारखी वाकते ती वाकलेलीच राहते.

उरलेल्या पाच पट्ट्या? त्या दिखाव्याच्या. जुन्या प्लास्टिक फाइलचं कव्हर काप, काळा रंग दे, क्लिपमध्ये सैल बसव. सात मोजणारा सात मोजेल. डोळ्यात बसणाऱ्या बुशसाठी संपलेल्या बॉलपेनच्या रिफिलची नळी, कमानीचं टोक चासीला जोडणाऱ्या शॅकलसाठी पितळी पट्टी, कमान खाली आवळणाऱ्या यू-बोल्टसाठी सायकलचा स्पोक, त्याला एम२ ची (२ मिमीचे आटे पाडणारी) डाय मारायची. बारीक स्क्रू जेल रोडला मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे विचार.

गाडीला लावण्याआधी एक कर. फळीवर ९२ मिमी अंतरावर दोन खिळे ठोक, कमान त्यांवर आडवी ठेव, मधोमध दोऱ्याने पाण्याची बाटली टांग. १ मिली पाणी म्हणजे १ ग्रॅम. बाटलीसकट ४५० ला कमान किती उतरली ते मोजपट्टीने मोज. ६ मिमी आली तर वरची तशीच ठेवून दुसरी पट्टी थोडी आखूड कर. १५ आली तर दुसरी ०.५ ची घाल.

आणि पुढे-मागे शॉक अ‍ॅबसॉर्बर लावशील तर त्यांच्या आतली स्प्रिंग काढून टाक, नाहीतर तिचा कडकपणा कमानीत मिळून सगळं पुन्हा मूळपदावर.

प्रश्न : माझ्या क्रॉलरच्या (दगडांवर चढणाऱ्या रिमोट गाडीच्या) शॉकची कॉइल फार कडक आहे. दोन वेटोळी कापली तर मऊ होईल ना?
— एक वाचक, महू

उत्तर : उलट होईल. वेटोळी कमी झाली की स्प्रिंग आणखी कडक होते. गाडी फक्त खाली बसेल, आणि ती मऊ झाली असं वाटेल. तार बदला. १.२ मिमीऐवजी १.० मिमी तारेची, त्याच व्यासाची आणि तितक्याच वेटोळ्यांची स्प्रिंग घेतलीत तर कडकपणा निम्म्याच्याही किंचित खाली येतो. कापलीच असेल तर ती फेकू नका, गाडीला जड बॉडी चढवाल तेव्हा लागेल.