जावेच्या मुलांना हजार, थोरलीला शून्य

प्रिय मावशी,

आम्ही वसईचे. दिराचं आणि आमचं घर एकाच छपराखाली, ओटी सामायिक. दीर जहाजावर असतात. माझे मिस्टर वालीवला एका कारखान्यात आहेत. दिवाळीपासून त्यांचा ओव्हरटाइम बंद झालाय, त्यामुळे हातात येणारे पैसे एकदम कमी झालेत. मी घरी शिवणकाम करते.

नाताळला चर्चमधली मध्यरात्रीची मिस्सा, म्हणजे उपासना, आटोपून आलो की चारही मुलं ओटीवर येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यापाशी बसून भेटी उघडतात. गेल्या वर्षी जावेच्या मुलांना टॅब आला आणि माझ्या सहा वर्षांच्या मुलाला प्लास्टिकचा क्रिकेटचा सेट. तो कोपऱ्यात जाऊन रडला. तेव्हापासून मला धास्तीच बसलीय.

यंदा कसेबसे ३,००० रुपये बाजूला काढलेत. मुलाला रिमोटची जेसीबी हवीय, तिचे ८००. जावेच्या मुलांना द्यावंच लागतं, त्यांचे ५००-५००. दोघांच्या कपड्यांच्या कापडाला १,२००, शिवेन मीच. थोरली दहा वर्षांची आहे, तिची मात्र काळजी नाही. फार समजूतदार. परवा आपणहून म्हणाली, 'मला यंदा काही नको, माझं दप्तर अजून चांगलं आहे.'

मोबाइलच्या दुकानात १४,००० चा टॅब बिनव्याजी हप्त्यांवर मिळतोय. दोघांत मिळून एक घेऊ का? थोरलीलाही अभ्यासाला होईल. मिस्टर नको म्हणतात. मुलं झोपली की त्यावरून रोज वाद होतात. की जावेलाच सांगू, भेटी तुमच्या तुमच्या खोलीत उघडा म्हणून?

– एक आई, वसई

*

अगं, दप्तराचं नाव कुणी काढलं होतं?

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. नव्या दप्तराबद्दल त्यात एक अक्षर नाही. तू ते घेणार नव्हतीस, मिस्टरांनी विचारलं नव्हतं, जावेच्या मुलांना मिळालं असंही काही नाही. मग दहा वर्षांच्या पोरीच्या तोंडी ते आलं कुठून? तिला दप्तर हवंय म्हणून आलं. तिच्या दप्तराची चेन तरी बिघडलीय, नाहीतर बंद तरी उसवलाय. आज शाळेतून आली की उघडून बघ. तिने मनातल्या मनात घराचा हिशेब मांडला, आपल्याला काय मागता येईल ते ठरवलं आणि त्यावर स्वतःच काट मारली. तुला फक्त निकाल ऐकवला. आणि तू सुटकेचा श्वास टाकून जेसीबीकडे वळलीस.

तुझे आकडे तूच लिहिलेत, मी फक्त बेरीज केली. जावेच्या मुलांना हजार. मुलाला आठशे. थोरलीला शून्य. नवा फ्रॉक शिवतेय ना तिला, असं म्हणशील. कपडे दोघांनाही आहेत, ते भेटीत धरायचे नाहीत. मुलाला तू शर्ट दाखवून 'हीच तुझी भेट' म्हणाली असतीस तर त्याने घर डोक्यावर घेतलं असतं, आणि तेवढ्याचसाठी त्याला जेसीबी मिळतेय. जो रडला त्याची धास्ती तुला वर्षभर पुरली. जी रडली नाही तिची 'काळजी नाही'. याचा मला राग आला आहे आणि तो मी लपवत नाही.

मुलं झोपल्यावर वाद होतात म्हणतेस. दहा वर्षांची मुलगी त्या वेळी झोपलेली नसते, डोळे मिटून पडलेली असते. बाबा काय म्हणाले, आई काय म्हणाली, चौदा हजार म्हणजे किती, हे सगळं तिला अर्धवट ऐकू जातं आणि उरलेलं ती भीतीने भरून काढते. तुमचा फक्त ओव्हरटाइम बंद झालाय. तिच्या डोक्यात कदाचित बाबांची नोकरीच गेलीय, कदाचित शाळाही सुटणार आहे. तिला खरं कुणी सांगितलेलं नाही, त्यामुळे तिला जेवढं वाईट सुचेल तेवढं सगळं तिच्या दृष्टीने खरं आहे.

मी शाळेत शिकवायची तेव्हा अशी मुलं वर्गात दरवर्षी असायची. सहलीची नोटीस वाचून दाखवली की एखादी मुलगी मधल्या सुट्टीत येऊन सांगायची, 'बाई, मला गाडी लागते, मी नाही येत.' तीच मुलगी रोज बसने शाळेत यायची. दुसरी एक फळ्यावरचं सगळं शेजारणीच्या वहीत बघून उतरवायची. सहामाहीनंतर कळलं, तिला लांबचं दिसतच नव्हतं. घरी सांगितलं नाही, कारण चष्म्याला पैसे पडतात. दोघींच्या आया मला भेटल्या तेव्हा अभिमानाने म्हणाल्या होत्या, आमची कधी काही मागत नाही हो. आज तुझी लेक दप्तर लपवतेय. हिला 'शहाणी गं माझी बाय' म्हणून आणखी शाबासकी दिलीस तर पंधराव्या वर्षी ती दुखणं लपवेल, आणि तुला ते कुणीतरी बाहेरचं माणूस सांगेल.

आता टॅबचं. नाही. मिस्टर बरोबर आहेत आणि तसं त्यांना सांग, म्हणजे रात्रीचे वाद तरी थांबतील. बिनव्याजी हप्ता म्हणतात त्यात प्रक्रिया शुल्क असतं, किंवा रोखीने घेतल्यावर मिळाली असती ती सूट हातची जाते. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावलंय की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच. बारा हप्ते धरलेस तरी महिन्याला अकराशे-बाराशे जातील, आणि ते ओव्हरटाइम बंद असताना. शिवाय दोघांत मिळून घेतलेला टॅब संध्याकाळपर्यंत धाकट्याचा झालेला असेल. थोरली 'घे तू' म्हणून बाजूला होईल आणि तू पुन्हा म्हणशील, किती समजूतदार.

जावेला काही सांगायचं नाही. तिच्या पोरांनी बापाने पाठवलेल्या भेटी दार लावून का उघडाव्यात? धाकट्याला आठशेची जेसीबी आण, गोठ्यापाशी तो तिने माती उकरत बसेल. गेल्या वर्षी तो रडला कारण त्याला हवं होतं एक आणि मिळालं दुसरंच. टॅब बघून रडू आलं असेल, तर या वर्षी टॅब नाही हे त्याला आधीच सांग, म्हणजे त्या रात्री आशा लावून बसणार नाही. सहा वर्षांच्या मुलाला 'नाही' पचतं. त्याच्यासाठी एवढं पुरे.

मी तुला एकच गोष्ट करायला सांगणार आहे. जावेच्या मुलांसाठी धरलेले हजार रुपये थोरलीच्या नावावर कर. सगळे. त्या दोघांना तू तुझ्या हाताने काहीतरी शिव, कंपासपेटी ठेवायची पिशवी, डब्याची पिशवी, त्यावर त्यांची नावं घाल. घरात कापडाचे तुकडे आहेतच. जावेला ते कमी वाटलं तर वाटू दे. तिला काय वाटेल याची किंमत आजवर थोरलीने भरलीय.

नाताळआधीच्या आगमन काळातला तिसरा रविवार येतोय, गुलाबी मेणबत्तीचा, ज्याला चर्चमध्ये आनंदाचा रविवार म्हणतात. त्या दिवशी मिस्सा झाली की तिला एकटीला घेऊन बस. धाकटा नको, आजी नको. काय बोलायचं ते लिहून देते, कारण ऐन वेळी तू रडशील आणि मग तीच तुझी समजूत काढत बसेल:

'बाबांची नोकरी चालू आहे. ओव्हरटाइम बंद झालाय, म्हणून पैसे कमी येतात. जेवण, शाळा, लाइटबिल, यातलं काही अडणार नाही, ते बघायला आम्ही दोघं आहोत. नाताळच्या खरेदीला आपल्याकडे तीन हजार आहेत. त्यातले हजार तुझे. ते कुणाला द्यायचे नाहीत आणि साठवायचेही नाहीत. दप्तर, वह्या, बूट यांना ते वापरायचे नाहीत, त्याचं आम्ही वेगळं बघू. तुला नुसती आवडते, गरज काहीच नाही, अशी एखादी वस्तू सांग.'

आकडा सांगायला कचरू नकोस. ज्याला आपल्याकडे पैसे किती आहेत हेच ठाऊक नाही ते मूल कितीही कमी मागितलं तरी जास्त मागितलं असं समजतं. हजार म्हटल्यावर तिला कुंपण दिसेल, आणि कुंपणाच्या आत तिला मोकळेपणाने हिंडता येईल.

ती पहिल्यांदा 'काही नको' म्हणेल. मग म्हणेल, धाकट्याला मोठी जेसीबी घ्या. हे ऐकून तुझा ऊर भरून येईल. येऊ दे, पण त्या भरात हो म्हणू नकोस. 'त्याचं झालंय, तुझं सांग,' एवढंच म्हण आणि गप्प बस. मग ती चाळीस रुपयांचं पेन सांगेल. तेही घेऊ नकोस. तुझं तोंड पडतं का, हे ती बघत असेल. दोन दिवस लागले तर लागू देत. ज्या मुलीने मागायचं थांबवलंय तिला मागायला पुन्हा शिकवावं लागतं, ते एका बैठकीत होत नाही.

तू संत निकोलसची गोष्ट मुलांना सांगत असशीलच. चौथ्या शतकातला मायराचा हा बिशप, ६ डिसेंबरला त्याचा सण झाला, आणि धाकटा ज्याला चिठ्ठ्या लिहितो तो सांता त्याच्यावरूनच आला. एका गरीब बापाच्या तीन मुलींसाठी रात्री खिडकीतून त्याने सोन्याच्या मोहरा टाकल्या असं सांगतात. त्या गोष्टीत मला एक फार आवडतं. त्याने एकच मोठी थैली टाकून 'वाटून घ्या' म्हटलं नाही. तिघींच्या तीन थैल्या, प्रत्येकीची वेगळी. आणि तिघींपैकी एकीनेही मागितलं नव्हतं. एक थैली आली असती तर थोरलीने धाकट्यांचं लग्न आधी उरकलं असतं आणि स्वतःला काही ठेवलं नसतं, हे त्याला कळलं असावं असं मला नेहमी वाटतं.

ती काय मागेल ते मला माहीत नाही आणि तूही अंदाज बांधू नकोस. हजारात पुष्कळ येतं. वसईच्या दुकानात नाही मिळालं तर तिला घेऊन क्रॉफर्ड मार्केटला जा. चर्चगेट गाडीने मरीन लाइन्सला उतरलीस तर तिथून चालत जाता येतं. मार्केटजवळची अब्दुल रेहमान स्ट्रीट खेळण्यांच्या आणि स्टेशनरीच्या घाऊक दुकानांनी भरलेली आहे, बरेच दुकानदार एकेक नगही देतात. रंगांच्या पेट्या, बॅडमिंटनच्या रॅकेटी, बुद्धिबळाचे पट, मणी ओवायचे संच, बघू दे तिला सगळं. रविवारी तिकडची बरीच दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारी जा आणि सकाळी लवकर नीघ, दुपारनंतर त्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. धाकट्याची जेसीबीही तिथेच घे, आठशेच्या आत मिळाली तर वाचलेले पैसे परतीच्या गाडीआधी दोघींनी खाण्यात घाला.

पैसे तिच्या हातात दे. भाव तिला विचारू दे, सुटे तिला मोजू दे. घरचे पैसे म्हणजे रात्री कुजबुजत भांडायची गोष्ट असं तिला वाटू लागलंय. दिवसाउजेडी, गर्दीत, आईबरोबर ते स्वतःसाठी खर्च करता येतात हे तिला एकदा हातात धरून कळायला हवं.

तिने उचललेली वस्तू तुला फालतू वाटेल. चमकी लावलेलं काहीतरी असेल, चार दिवसांत मोडेल असं वाटेल. 'यापेक्षा हे घे, शाळेत उपयोगी पडेल,' हे वाक्य त्या दिवशी तोंडातून काढायचं नाही. शंभर-दोनशे कमी पडले तर कपड्यांच्या बाराशेतून घाल, तिच्या फ्रॉकला लेस कमी लागली तरी चालेल. आणि घरी येऊन कुणापुढे, विशेषतः जावेपुढे, 'हिने बघा काय घेतलं' म्हणून हसू नकोस.

धाकट्याला त्या शनिवारी आजीकडे ठेव. तो मागे लागेल, रडेल. तरी नेऊ नकोस.

– मावशी