मोटर एकट्यानं निघते का, भाऊ?

प्रश्न : आमचं वावर वरुड तालुक्यात हाय, संत्र्याची बाग हाय. आंबिया बहाराचा ताण तोडायची, म्हणजे तहानलेल्या बागेले पुन्हा पाणी द्यायची, वेळ आली आन् नेमकी विहिरीतली मोटर बसली. गडी भेटत नाही, पोरगा पुण्याले. दोर आन् दोन-तीन गिरक्यावर (पुलीवर) एकट्याले मोटर काढता येते का?

उत्तर : येते. पण आधी वजन धरा. मोटर ६० किलोची समजा, पण अडीच इंची पाइप पाण्याच्या वर ३० फूट असंल तर त्यात अडकलेलं पाणीच जवळपास ३० किलो भरते, ते कोणी मोजतच नाही. म्हणजे झाले ९०.

आता विहिरीवरच्या आडव्या बल्लीची एक गिरकी नुसती दिशा बदलते, वजन कमी करत नाही, उलट दोर सरळ खाली ओढला तर बल्लीवर ९० नाही १८० किलो येते, आणि आडवा झाडाकडं नेला तरी सव्वाशेच्या वर. म्हणून जुनी उधई लागलेली बल्ली आधी बदला, बाकी सगळं नंतर.

दोर गिरकीवरून घेऊन बांधावरच्या निंबाकडं न्या. आता बारीक दोरीचे दोन गोल फास करा, दोरी मोटरच्या दोरापेक्षा बारीक पाहिजे, आणि दोरावर तीन-तीन वेढे घाला. ताण आला की फास गच्च धरतो, सैल केला की हातानं सरकतो (ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक नावाच्या गिर्यारोहकानं १९३१ साली ही गाठ लोकांपुढं आणली). एक फास निंबाला बांधून ठेवा, तोच तुमचा दुसरा गडी. दुसऱ्या फासात एक गिरकी अडकवा, दुसरी निंबाला. वेगळ्या दोराचं टोक फासाला बांधून झाडाच्या गिरकीतून, मग फासाच्या गिरकीतून काढा आणि झाडाकडं ओढा. ९० चे ३० होतात, घर्षण धरून ४० समजा, पण मोटर एक फूट वर यायला तीन फूट दोर ओढावा लागते, फुकट काहीच मिळत नाही ना. चार-पाच फूट झाले की निंबाचा फास पुढं सरकवून गच्च करा, ओढायचा फास परत विहिरीकडं न्या, अन् पुन्हा. पाइप वर येईल तसा उताराकडं टाकत जा, पाणी आपोआप निघते.

दोर हाताला गुंडाळू नका. मी एकदा गुंडाळला होता, तळहाताची सालं गेली, महिनाभर फवारणीचा पंप धरता आला नाही. स्टार्टरच्या ग्रीपा (फ्यूज) काढून खिशात ठेवा. केबलनं मोटर ओढू नका. काठावर दोर घासतो तिथं बारदाना टाका. मोटर कपारीत अडकली तर जोर लावू नका, ट्रॅक्टरला तर बांधूच नका, त्याला अडकलेलं कळत नाही आणि दोर तुटतो. आणि एकटे असाल तर विहिरीत उतरायचं नाही, त्या कामाला मात्र शेजाऱ्याला हाक मारा, त्याचा कापूस उद्याही वेचता येते.