प्रत्येक ‘हो’ होकार असतो का?

प्रश्न : मी जळगावात समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. अमळनेर तालुक्यातील एका कार्यशाळेत काम करणाऱ्या, बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांच्या मुलाखती मी घेत आहे. बहुतेक प्रश्नांना ‘हो’ एवढेच उत्तर येते, नाही तर शेजारी बसलेली आईच उत्तर देते. ही माहिती प्रबंधात वापरता येईल का?

उत्तर : हे सगळे ‘हो’ मोजून तक्ते करू नका, पण या व्यक्तींकडे सांगण्यासारखे काही नाही, असा निष्कर्ष तर मुळीच काढू नका. शिक्षक, पालक, डॉक्टर यांच्यापुढे मान डोलावली की सुटका होते, हे वर्षानुवर्षे अनुभवलेला माणूस न समजलेल्या प्रश्नालाही होकार देतो, असे अभ्यासकांना वारंवार आढळले आहे. बदलायला हवा तो प्रश्न. ‘येथील काम आवडते का?’ असे विचारण्याऐवजी द्रोण लावण्याची, वाती वळण्याची, डबा खाण्याच्या जागेची छायाचित्रे समोर ठेवा आणि घरी अहिराणी बोलत असतील तर ‘तुमले काय आवडस?’ असे विचारून बोट कोठे जाते ते पाहा. दोन पर्याय दिल्यास शेवटचा उचलण्याकडे कल असतो, म्हणून काही वेळाने क्रम उलटवून विचारावे. लगेच विचारल्यास आपले आधीचे उत्तर चुकले असे वाटून ते बदलले जाते. काळाबद्दल विचारताना ‘किती महिन्यांपूर्वी’ यापेक्षा ‘आखाजी (अक्षय तृतीया) झाल्यावर का?’ हे सोपे पडते.

सोबत कोण हवे, हे त्या व्यक्तीलाच विचारा. आई बसली तर तिचे म्हणणे तिच्याच नावे वेगळे नोंदवा.

मला अधिक काळजी वाटते ती संमतीची. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 6 नुसार संशोधनासाठी त्या व्यक्तीला समजेल अशा माध्यमातून घेतलेली मुक्त व माहितीपूर्ण संमती लागते, शिवाय राज्य शासनाने नेमलेल्या समितीची पूर्वपरवानगीही लागते आणि त्या समितीत निम्म्याहून कमी नसतील इतके सदस्य स्वतः दिव्यांग किंवा दिव्यांगांसाठीच्या नोंदणीकृत संघटनांचे असावे लागतात. तेव्हा केवळ आईच्या सहीवर पुढे जाऊ नका. मार्गदर्शकांशी आजच बोला. मुलाखतीआधी ‘थांबा’ असे चित्र असलेले कार्ड हातात देऊन ते एकदोनदा वापरून पाहू द्या, कारण नकार देण्याचीही सवय लागते. नजर सारखी दाराकडे जात असेल, तर तोंडाने ‘हो’ आले तरी थांबा.

झालेल्या मुलाखती मात्र फेकू नका. प्रश्न कोठे अडले, हे संशोधनपद्धतीच्या प्रकरणात उदाहरणांसह लिहा.