हिशेबाची वही लपवू नका

ताई, सलाम.
मी नगरची. एका शाळेत शिक्षिका आहे. माझे मिस्टर एमआयडीसीतल्या कारखान्यात सुपरवायझर होते. मागच्या दिवाळीनंतर प्लँट बंद पडला, तेव्हापासून घरीच आहेत. सकाळी प्रार्थना, दुपारी मोबाईलवर संदेश, शुक्रवारी उपास-प्रार्थना. माझ्या भावाने एका गोडाऊनमध्ये स्टोअरकीपरची नोकरी बघून दिली, पगार चौदा हजार. हे म्हणाले, "परमेश्वराने मला मस्तक करीन म्हटलंय, पुच्छ नाही. अनाथाश्रम चालवणारा जॉर्ज म्युलर कधी कुणाच्या दारात गेला का?" घराचा हप्ता साडेपंधरा हजार, तो माझ्या पगारातून जातो. मुलगी बारावीला. आता म्हणतात, मेडिक्लेम बंद कर, विम्यावर भरवसा ठेवायचा की देवावर? देवाला द्यायचा दशांश, म्हणजे पगाराचा दहावा हिस्सा, मात्र एक तारखेलाच बाजूला निघतो. मुलीच्या क्लासची फी राहिली तरी चालेल. महिला मंडळात थोडं बोलले, तर पाळकीणबाई म्हणाल्या, चिंता करणं म्हणजेच अविश्वास. रात्री सगळे झोपल्यावर मी वहीत आकडे मांडते, तेव्हा चोरी करत असल्यासारखं वाटतं. ताई, देवाचा स्वभाव नेमका आहे तरी कसा? माझा विश्वास कमी आहे का?
– एक भगिनी

प्रिय भगिनी,

आधी ती वही दिवसा काढा आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडी ठेवा. बाकीचं नंतर बोलू.

प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत, पित्याचं नाव, राज्य आणि इच्छा झाल्यावर पहिलं मागणं भाकरीचं आहे. "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे." पापांची क्षमासुद्धा त्याच्या नंतर येते. ज्याने आपल्याला पोटाचं आधी मागायला शिकवलं, तो तुमच्या हप्त्याची तारीख ऐकून नाक मुरडेल असं तुम्हाला का वाटावं? पाळकीणबाईंनी सांगितलेली "चिंता करू नका" ही ओळ बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातली. त्याच अध्यायात, काही ओळींच्या अंतरावर, "या सर्वांची तुम्हाला गरज आहे हे तुमचा स्वर्गीय पिता जाणून आहे" असं आहे. गरज आहे हे तो मान्य करतो. त्या वचनाचा धाक घालून एखाद्या थकलेल्या बाईला गप्प बसवायचं, हे मला पटत नाही. पाळकीणबाईंच्या मनात वाईट नसेल, पण आपल्याकडे वचन सांत्वनासाठी काढतात आणि त्याची छडी कधी होते ते कळतच नाही.

देवाचा स्वभाव विचारलात, तर जुन्या करारातल्या पहिले राजे या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय काढा. एलिया संदेष्टा ईजबेल राणीला भिऊन रानात पळालाय, एका झुडपाखाली बसून "आता पुरे, माझा प्राण घे" म्हणतोय. आदल्याच अध्यायात त्याने कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरवलेला. अशा माणसाला "तुझा विश्वास कुठे गेला?" असं दरडावायची आयती संधी होती. देवदूत येतो तो त्याला हलवून उठवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. एलिया खातो आणि पुन्हा झोपतो. झोपूही देतात. मग दुसऱ्यांदा उठवून खायला घालतात, कारण पुढची वाट लांबची आहे. प्रश्न विचारायचं राहतं ते होरेबला पोचल्यावर, चाळीस दिवसांनी. तुम्ही ज्याच्या भरवशावर जगायचं म्हणता तो हा देव आहे. रात्रीच्या वहीवर तो रागावलेला मला तरी शास्त्रात कुठे दिसला नाही.

आता तुमच्या मिस्टरांचं. त्यांनी धरलेलं "मस्तक, पुच्छ नव्हे" हे अभिवचन बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायातलं. ते एका राष्ट्राला दिलेलं आहे, आणि आज्ञा पाळल्या तर, अशी अट घालून. नोकरीतल्या हुद्द्याशी त्याचा संबंध कुणी आणि कधी जोडला देव जाणे, पण हल्ली प्रत्येक साक्षीत ते ऐकू येतं. त्याच पुस्तकाचा आठवा अध्याय मात्र फारसा कुणी वाचत नाही. परमेश्वराने तुला दीन केलं, उपाशी ठेवलं, मग मान्ना खायला दिला, असं तिथे लिहिलंय. आणि अध्याय संपता संपता, संपत्ती मिळवायची शक्ती तोच देतो, असंही. शक्ती देतो म्हटलंय. ती वापरायची आपण.

मान्नाची हकिगत निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात आहे आणि ती सावकाश वाचण्यासारखी आहे. परमेश्वराने आकाशातून भाकर दिली हे खरंच. पण ती पडायची छावणीच्या भोवती, दंवासारखी. माणसांनी पहाटे उठून बाहेर जायचं, वेचायची, ऊन चढलं की ती वितळून जायची. तंबूत आडवं पडलेल्याच्या तोंडात मान्ना गेला असं काही लिहिलेलं नाही. आणि माप होतं, माणशी एक ओमर. घरात माणसं किती ते मोजूनच आणायचं. ज्यांनी हाव धरून रात्रभर ठेवला त्यात किडे पडले. पण सहाव्या दिवशी दुप्पट वेचायचा आणि ठेवायचा, ही आज्ञाच होती, आणि तो ठेवलेला नासला नाही. उद्याची सोय करणं म्हणजे अविश्वास असता, तर हा सहावा दिवस तिथे आलाच नसता. मेडिक्लेमची पॉलिसी मी त्याच खात्यात धरते. मिसरात योसेफाने सुकाळातलं पाचवा हिस्सा धान्य साठवायला लावलं, त्यालाही कुणी अविश्वासू म्हणालं नाही.

विमा बंद करून देवाची वाट बघायची, यातली गोम मत्तयाच्या चौथ्या अध्यायात आहे. सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि म्हणतो, घे उडी, देवदूत झेलतील असं लिहिलंय की. स्तोत्र 91 तोंडपाठ करून आला होता बिचारा. येशूचं उत्तर: "परमेश्वर तुझा देव ह्याची परीक्षा पाहू नकोस." वचन बरोबर होतं, उडी चुकीची होती. तुमच्या घरात पन्नाशीला आलेली दोन माणसं आहेत. चालू पॉलिसी मोडली तर पुढे नवी घेताना आधीच्या आजारांसाठी प्रतीक्षेचा काळ पुन्हा पहिल्यापासून मोजतात. तेव्हा या एका गोष्टीवर तुम्ही ठाम राहा. विम्याचा हप्ता तुम्ही तुमच्या पगारातून भरत राहा.

आता म्युलर. तुमच्या मिस्टरांनी त्याचं नाव घेतलं ते मला बरंच वाटलं. इंग्लंडातल्या ब्रिस्टलमध्ये त्याने अनाथ मुलांसाठी ॲशली डाऊनला एकापाठोपाठ पाच मोठी घरं बांधली, आयुष्यात दहा हजारांवर मुलं सांभाळली, आणि देवाशिवाय कुणापाशी पैसा मागितला नाही. सगळं खरं. पण त्याने आलेली प्रत्येक देणगी लिहून ठेवली, खर्च लिहून ठेवला, आणि दरवर्षी हिशेब छापून लोकांपुढे मांडला. कर्ज काढायचं नाही हा त्याचा नियम होता. तुमच्या घरावर कर्ज आहे आणि दर महिन्याला ते कुणीतरी फेडतंय. 1830 साली त्याने मंडळीचा ठरलेला पगार सोडला, तो निर्णयही नवराबायकोने मिळून घेतला. तुमच्याकडे एकाने विश्वासाने जगायचं ठरवलं आणि दुसरीने ते निभवायचं, असं झालंय.

आपल्या मातीतलं उदाहरण हवं तर पंडिता रमाबाईंचं घ्या. म्युलरची हकिगत त्यांनीही वाचली होती आणि त्यांच्यावर तिचा मोठा परिणाम झाला होता. बोस्टनला 1887 मध्ये त्यांच्या कामासाठी मंडळ स्थापन झालं, त्याने दहा वर्षं पैसा पुरवायचं कबूल केलं. ती मुदत संपत आल्यावर पुढे काय, हा प्रश्न बाईंसमोर होताच. त्यांनी प्रार्थना केली, आणि केडगावला जमीन घेऊन फळझाडं लावली. उत्पन्नावर त्यांचं शारदा सदन, म्हणजे विधवा मुलींची शाळा, चालेल असा सरळ हिशेब. झाडं फळाला यायच्या आत 1896-97 चा दुष्काळ आला, बाई मध्य प्रांतात जाऊन शेकडो उपाशी मुली घेऊन आल्या, आणि त्या जमिनीवर मुक्तिसदन उभं राहिलं. तिथे मुली प्रार्थनाही करत आणि विणकाम, छपाई, शेतीही शिकत. प्रार्थनेच्या वेळेला प्रार्थना, वाफ्याला पाणी द्यायच्या वेळेला पाणी. या बाईचा देवावर भरवसा नव्हता असं म्हणायची कुणाची छाती आहे?

आणि हेही लपवत नाही की त्याच रमाबाईंची एकुलती एक मनोरमा 1921 मध्ये, त्यांच्या हयातीतच गेली. पुढच्या वर्षी बाई गेल्या. प्रेषित पौलाने शरीरातला काटा काढून टाक म्हणून प्रभूला तीनदा विनवलं, काटा राहिला, "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढं उत्तर मिळालं. म्हणून "नोकरी नक्की मिळेल, प्रभू देईलच" असं मी तुम्हाला लिहिणार नाही. त्याने तसं वचन मला दिलेलं नाही. तो तुम्हाला सोडणार नाही, एवढं दिलंय.

तुमच्या मिस्टरांना मी आळशी म्हणत नाही. एवढी वर्षं ज्याच्या हाताखाली माणसं होती, त्याने गोडाऊनच्या दाराशी रजिस्टर धरून बसायचं, आणि तेही मेहुण्याने शोधून दिलेल्या जागी. मला वाटतं ते लाजले आहेत, आणि ती लाज वचनाखाली झाकली आहे. तेव्हा वचनाला वचन लावून वाद घालू नका, त्यात ते जिंकतील. दिवसभर त्यांचा तोच अभ्यास चाललाय. पौल गमलिएलासारख्या नामांकित गुरूच्या पायांशी शिकलेला माणूस, करिंथात अक्विलाच्या घरी बसून तंबू शिवत होता, एवढं एकदा बोलून सोडून द्या. मग वही पुढे ठेवा आणि म्हणा, "यावर दोघं मिळून प्रार्थना करू. आकडे वाचून." हप्ता, फी, किराणा, मोठ्याने. आकड्यांसकट केलेली प्रार्थना माणसाला जागेवर आणते असा माझा अनुभव आहे. चौदा हजार त्या वहीत लिहून बघा, काय फरक पडतो तो त्यांनाच दिसू दे.

दशांशाबद्दल थोडक्यात: मार्काच्या सातव्या अध्यायात, आईबापांचा हक्काचा पैसा "देवाला वाहिला" म्हणून अडवणाऱ्यांना येशूने काय सुनावलं ते वाचा. तुमच्या पगारातून काय द्यायचं ते तुम्ही ठरवा, आनंदाने द्या. क्लासची फी थकवून नको.

आता थोडं तुम्हालाही. देवावर अवलंबून राहायचं म्हणता आणि गेले कित्येक महिने सगळं घर एकटीने ओढता. भावाला हप्त्याचा आकडा माहीत नाही, असं पत्रावरून वाटतं. मंडळात "थोडं" बोललात. सासऱ्याने मोशेला सांगितलं होतं, हे तुला एकट्याला झेपणार नाही, तू झिजून जाशील. देव बहुतेक वेळा माणसांच्या हातून देतो, आणि माणसांकडे हात पुढे करायला आपल्यालाही लाजच वाटते. मिस्टरांचं आणि तुमचं दुखणं फार वेगळं नाही. भावाशी बोला, आणि पाळकसाहेबांशीही, मिस्टरांच्या समोर. विश्वास कमी आहे का, हे मला नका विचारू. "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका" असं रडत म्हणणाऱ्या बापाचा मुलगा येशूने बरा केला. आधी विश्वास पुरा करून आण, असं काही तो बोलला नाही.

पुढच्या आठवड्यात बँकेत जा. हप्ता चुकायच्या आधी. नव्वद दिवस थकला की कर्ज एनपीए, म्हणजे थकीत खातं, धरतात आणि मग बोलण्याची भाषाच बदलते. आता गेलात तर मुदत वाढवून हप्ता कमी करता येतो का, हे विचारता येईल. व्याज एकूण जास्त जाईल, ते लिहून मागा. मिस्टरांच्या पीएफमधून नियमाप्रमाणे काय काढता येतं, तेही पीएफ कार्यालयात विचारून घ्या, पण सगळं काढू नका. बँकेत जाताना कर्जाचे कागद, तुमच्या पगाराच्या शेवटच्या तीन स्लिपा आणि कंपनीने दिलेलं पत्र बरोबर न्या. आणि त्यांना घेऊनच जा. कर्ज दोघांच्या नावावर असेल तर बँक दोघांच्या सह्या मागणारच.

तुमची,
ताई