नवीन बॅटरीचे टर्मिनल बारीक, जुने क्लँप ढिले: तार गुंडाळू नकोस

भावा, गाडीच्या नव्या बॅटरीचे टर्मिनल (वरचे शिशाचे खुंट) बारीक निघाले, केबलचे क्लँप कितीही आवळले तरी हलतात आणि गॅरेजवाला तांब्याची तार गुंडाळून देतो म्हणतोय, असं लिहिलंयस. नको. निगेटिव्ह आधी काढायचा, शेवटी जोडायचा वगैरे तुला माहीत असणारच, ते सोडतो.

माझ्या गाडीला दुकानदाराने तार नाही, थेट स्क्रू ठोकला. क्लँपच्या फटीत, हातोडीने! वर "लई घट्ट बसलं बघा". बसलं खरं, पण त्या ठोकाठोकीत टर्मिनलच्या बुडाशी झाकणाला चीर गेली. पावसाळ्यात ॲसिड पाझरायला लागलं, कीट धरला, खालचा ट्रे गंजला. वॉरंटी शिल्लक होती म्हणून कार्ड घेऊन गेलो, तर कंपनीच्या माणसाने फोटो काढून "फिजिकल डॅमेज, क्लेम बसत नाही" म्हणून मोकळं केलं. दुकानदार म्हणे कंपनीला विचारा, कंपनी म्हणे बसवणाऱ्याला विचारा. आणि बिलावर बसवून दिल्याचा एक शब्द नाही. त्यामुळे बिलावर सीरियल नंबरसोबत "बसवून दिली" असं लिहून घेच. तोंड वाकडं करतील, करू देत.

आता मुद्दा. जपानी पद्धतीच्या बारीक टर्मिनलचा पॉझिटिव्ह बुडाशी साधारण १४.७ मिमी, निगेटिव्ह १३, जाड्याचे १९.५ आणि १७.९. एवढा फरक तारेने भरत नाही. स्टार्टर १५० अँपिअर ओढतो असं धर. ढिल्या जोडात ०.०१ ओहम जरी रोध आला तरी दीड व्होल्ट तिथेच जळतो, आणि आपण बॅटरीला शिव्या घालतो. शिशाच्या किंवा पितळी स्लीव्ह, म्हणजे टर्मिनलवर चढवायच्या नळ्या, मिळतात, चीर असलेल्या, जोडीने घे. पॉझिटिव्हची मोठी, निगेटिव्हची लहान, अदलाबदल केलीस तर एक बसणारच नाही. दुकानात नाही मिळाली तर उद्यमनगरात लेथवाला कुणीही टर्नर तशीच पितळी बुश काढून देईल, फक्त टर्मिनल निमुळता असतो हे त्याला सांग. उलटं असेल, म्हणजे टर्मिनल जाड आणि क्लँप बारीक, तर क्लँप बदल. कानस टर्मिनलला लावायची नाही, वॉरंटी तिथेच संपते.

बसवल्यावर मल्टीमीटरची एक पिन टर्मिनलच्या शिशावर, दुसरी क्लँपवर ठेव आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांग. ०.२ व्होल्टच्या वर गेलं तर जोड अजून खराब आहे. व्हॅसलिन आवळून झाल्यावर वरून लावायचं, आत नाही.

मी मेकॅनिक नाही, जुन्या साध्या गाडीवरचं सांगतोय. निगेटिव्ह क्लँपवर सेन्सर असलेल्या स्टार्ट-स्टॉप गाडीत (थांबली की इंजिन आपोआप बंद-चालू होणारी) स्वतः हात घालू नकोस.

अजून एक, बॅटरीच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर बघ. ३८बी२०एल आणि ३८बी२०आर यांत पॉझिटिव्हची बाजू उलट असते. बाजूच चुकली असेल तर केबल ताणून बसवायची नाही, बॉनेटला घासली तर ठिणगी. तशीच परत दे. दुकानदार "चालतंय की" म्हणेल, त्याच्या बापाची गाडी नाही.

स्टिकरचा फोटो टाक, नंबर बघून सांगतो.