शिक्षा करूनही मुलगा तेच परत का करतो?

तुम्ही विचारलंय की जेवताना मोबाईल नाही दिला की पाच वर्षांचा मुलगा ताट ढकलतो, किंचाळतो, तुम्ही रागावता, कधी धपाटाही घालता, तरी हे वाढतच चाललंय, मग परिणामांमुळे वागणं बदलतं असं एबीएवाले (अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिस, म्हणजे वागण्यामागचं कारण बघून ते बदलायची पद्धत वापरणारे) म्हणतात ते खरं कसं?

मी स्पेशल एज्युकेटर आहे, हा प्रश्न पालक नेहमी विचारतात. वागणं बदलतंच, फक्त तुम्ही परिणाम म्हणून जे मोजताय तो वेगळा आणि पोराला जो मिळतोय तो वेगळा. एबीएमध्ये देणाऱ्याचा हेतू बघत नाहीत. जे मिळालं त्यानं ते वागणं पुढे वाढलं तर ते रीइन्फोर्समेंट, कमी झालं तर पनिशमेंट, मग तुम्ही ते कितीही डोळे वटारून दिलेलं असो.

एका मुलाचं सांगते. वही काढ म्हटलं की हा पेन्सिली फेकायचा, टीचर वर्गाबाहेर उभं करायच्या, आणि बाहेर पॅसेजमध्ये मस्त फिश टँक, शिवाय मावशी गप्पा मारायला! लिखाण टळलं ना, झालं तर मग. नको ती गोष्ट टळल्यामुळे वागणं वाढतं त्याला निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट म्हणतात, लोक उगाच त्यालाच शिक्षा समजतात. कार आणि ड्युरांड या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये दाखवलं होतं की अवघड कामापासून सुटायला गोंधळ घालणाऱ्या मुलांना मदत मागायला शिकवलं की गोंधळ कमी होतो. ह्या पेन्सिली फेकणाऱ्या मुलाला आम्ही 'ब्रेक पाहिजे' म्हणायला शिकवलं, आणि म्हटल्या म्हटल्या लगेच ब्रेक द्यायचा, तिथे कंजूषी नाही.

आता तुमच्याकडे. खरं सांगा, रडून रडून शेवटी कोणीतरी मोबाईल देतंच ना? बहुतेक आजी. रोज दिला असता तर सवय मोडायला सोपी गेली असती, पण कधी मिळतो कधी नाही हे सगळ्यात चिवट, फर्स्टर आणि स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये कबुतरांवरचं हेच काम सविस्तर मांडलंय, बटणावर चोच मारली की कधीमधीच दाणा मिळणारं कबूतर दाणे बंद झाल्यावरही कितीतरी वेळ चोच मारत बसतं.

म्हणून ताट ढकललं की मोबाईल नाही म्हणजे नाही, लेक्चरही नाही, कारण काही मुलांना तुमची बडबडसुद्धा चालते. पण चार घास नीट खाल्ले आणि 'मोबाईल दे ना' असं नीट विचारलं की तिथल्या तिथे पाच मिनिटं द्या. ते जमलं की हळूहळू घास वाढवत न्या. सुरुवातीला किंचाळणं आणखी वाढू शकतं, त्याला एक्स्टिंक्शन बर्स्ट म्हणतात, आणि नेमकं तेव्हाच दिलात तर तो शिकणार की एवढ्या जोरात ओरडलं की मिळतं. (डोकं आपटत असेल, स्वतःला चावत असेल तर मात्र घरच्या घरी हे करू नका, आधी बिहेवियर थेरपिस्टला दाखवा.)

आणि सुरू करायच्या आधी आजींना बसवून समजावा, तुम्ही ऑफिसात असताना ताट त्यांच्यासमोर असतं.