घर तेच, शाळा दुसरी

नवी शाळा होणार म्हटलं की आधी आनंद होतो, आणि कुठलं घर कुठल्या शाळेला जोडलं ते सांगणारा हद्दींचा नकाशा हाती आला की पोटात गोळा येतो. या वेळची जवळजवळ सगळी पत्रं त्या नकाशाबद्दलच आहेत. बरीचशी डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरांतली, काही ऑस्टिनजवळची, एक नॉर्थ कॅरोलायनातल्या केरीहून आलेलं. टेक्सासमधल्या एका स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, नियोजन विभागात मी बरीच वर्षं काम केलं. हद्दी आखणाऱ्या समित्यांबरोबर रात्री अकरापर्यंत बसले. माझ्या मुलीची शाळाही अशीच एकदा बदलली, त्यामुळे तुमच्या बाजूला बसून नकाशा बघताना काय वाटतं तेही मला ठाऊक आहे. आधी तुमचं पत्र, त्याखाली माझं उत्तर.

डॅलसजवळच्या फ्रिस्कोत आम्ही घर घेतलं ते शाळा बघूनच. बिल्डरच्या माणसाने नकाशावर बोट ठेवून शाळा दाखवली होती. तीन वर्षांत नवी शाळा निघाली आणि आमची अख्खी सबडिव्हिजन, म्हणजे सगळी वसाहतच, तिच्याकडे गेली. कोर्टात जाता येईल का? आणि घराची किंमत पडेल का?

कोर्टाच्या वाटेला जाऊ नका. पत्त्यावरून तुम्हाला डिस्ट्रिक्ट मिळतो. त्यातली कुठली शाळा मिळणार हे ठरवायचा अधिकार डिस्ट्रिक्टच्या निवडून आलेल्या बोर्डाचा, आणि तो बोर्ड पुन्हा पुन्हा वापरू शकतं. नॉर्थ कॅरोलायनाच्या वेक काउंटीत, केरी जिथे आहे तिथेच, पालक याहून मोठा प्रश्न घेऊन लढले होते. मुलांना वर्षभर चालणाऱ्या, लांब उन्हाळी सुट्टीऐवजी अधूनमधून छोट्या सुट्ट्या देणाऱ्या शाळांत घालायचं तर आमची संमती घ्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. २००९ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल बोर्डाच्या बाजूने दिला. बिल्डरच्या कागदांवरही बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की शाळा बदलू शकते, डिस्ट्रिक्टकडून खात्री करून घ्या. बोट ठेवून दाखवलेल्या शाळेची तिथे नोंद नसते.

आणि फ्रिस्कोत हद्द बदलणार नाही असं कुणी कशाच्या जोरावर सांगावं? २००० साली या गावाची लोकसंख्या ३३,७१४ होती, २०२० साली २,००,५०९. २००३ पर्यंत तिथे एकच हायस्कूल होतं. २०२२ मध्ये पँथर क्रीक उघडलं तेव्हा ती बारा झाली. हायस्कूल फार मोठं होऊ द्यायचं नाही, साधारण २,१०० मुलांवर थांबायचं, हे या डिस्ट्रिक्टने आधीपासून ठरवलेलं. शाळा लहान ठेवायच्या तर त्या जास्त लागणार, आणि प्रत्येक नवी शाळा शेजारच्या दोन-तीन शाळांतून मुलं घेऊनच भरणार. तुम्हाला आवडलेली शाळाही कधीतरी अशाच कुणाच्या तरी सबडिव्हिजन उचलून भरली गेली होती.

किमतीबद्दल उगाच धीर देत नाही. सँड्रा ब्लॅक या अर्थतज्ज्ञ बाईंनी बॉस्टनच्या उपनगरांत शाळेच्या हद्दीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या घरांची तुलना केली होती. १९९९ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात शाळेचे गुण ५ टक्क्यांनी जास्त असतील तर लोक घरासाठी सुमारे अडीच टक्के जास्त मोजतात असं दिसलं. फरक आहे, पण तुमच्या ग्रुपवर बोलतात तेवढा नाही. शिवाय डिस्ट्रिक्ट तोच राहत असल्यामुळे कराचा दर बदलत नाही. घर विकायचं नसेल तर हा आकडा रोज रात्री जेवणाच्या टेबलावर घेऊन बसू नका. मुलं ऐकत असतात.

मी नाशिकहून लेकीकडे आलो आहे. नातवाला रोज चालत शाळेत सोडतो. नवी शाळा दीड मैलावर, मधे सहा पदरी रस्ता. बस मिळणार नाही म्हणतात. हे बरोबर आहे का?

काका, टेक्सासमध्ये राज्याचा पैसा मुख्यतः शाळेपासून २ मैल किंवा त्याहून लांब राहणाऱ्या मुलांच्या बससाठी मिळतो. त्याच्या आत राहणाऱ्यांना राज्याच्या पैशातून बस हवी तर तो चालायला धोकादायक रस्ता आहे असं बोर्डाने ठरवावं लागतं. तशी तरतूद आहे, पण कुणी मागितल्याशिवाय तिचा उपयोग होत नाही.

तुमच्याकडे सकाळचा वेळ आहे, नजर आहे. आठवडाभर सात ते पावणेआठ त्या चौकात उभे राहा. सिग्नल किती सेकंद हिरवा राहतो, उजवीकडे वळणाऱ्या गाड्या थांबतात का, पदपथ कुठे तुटतो हे वहीत लिहा आणि फोटो काढा. मग लेकीकडून डिस्ट्रिक्टच्या वाहतूक विभागाला आणि शहराच्या रस्ते विभागाला, दोघांनाही पत्र पाठवा, कारण मुलांना रस्ता ओलांडून देणारा माणूस बऱ्याच ठिकाणी शहर नेमतं.

एक प्रसंग सांगते. एका सभेत चाळीस पालक एकाच रंगाचे टी-शर्ट घालून आले आणि चाळिसांनी एकच वाक्य म्हटलं, आमची शाळा आम्हाला ठेवा. समितीने मान डोलावली, पुढे काही झालं नाही. त्याच रात्री एका आईने चौकाचे सहा फोटो आणि वेळा लिहिलेला कागद पुढे ठेवला. पुढच्या मसुद्यात ती रेघ त्या रस्त्याच्या अलीकडे आली होती.

मुलगा पुढच्या वर्षी अकरावीत जाईल. नवं हायस्कूल उघडतंय. त्याच्या रँकचं, म्हणजे वर्गातल्या क्रमांकाचं, काय होणार? आम्हाला यूटी ऑस्टिन, म्हणजे ऑस्टिनचं टेक्सास विद्यापीठ, हवंय.

आधी हे तपासा की त्याला जावं लागणारच आहे का. नवं हायस्कूल बहुतेक वेळा नववी-दहावीच घेऊन सुरू होतं. वरच्या वर्गांतल्या मुलांना आहे तिथेच शिकून बाहेर पडू देतात. तुमच्या डिस्ट्रिक्टच्या ठरावात हे शब्दांत लिहिलेलं असेल. सभेत कुणीतरी म्हणालं, एवढ्यावर विसंबू नका, ठराव वाचा.

जावं लागलंच तर तुमची काळजी खरी आहे. टेक्सासमध्ये १९९७ च्या कायद्याने हायस्कूलच्या वर्गातल्या (म्हणजे त्या इयत्तेच्या सगळ्या मुलांतल्या) वरच्या १० टक्के मुलांना राज्याच्या सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश मिळतो. यूटी ऑस्टिनची मर्यादा मात्र त्याहून कडक. ती ६ टक्के होती, २०२६ च्या प्रवेशापासून ५ झाली. ४०० मुलांच्या वर्गात पूर्वी २४ जण बसायचे, आता २०. एकाच डिस्ट्रिक्टमध्ये गुण आणि अवघड विषयांना मिळणारं त्यांचं जास्तीचं वजन मुलाबरोबर जसंच्या तसं जातं, पण क्रमांक नव्या वर्गात नव्याने लागतो. तो खाली जाईल तसा वरही जाईल, ते सोबत कोण येतं यावर.

रँकपेक्षा मी विषयांची यादी आधी विचारीन. नव्या शाळेत पहिल्या वर्षी मुलं कमी, म्हणून वरच्या पातळीचे काही वर्ग सुरूच होत नाहीत. कुठले एपी (कॉलेजच्या पातळीचे) विषय पहिल्या दिवसापासून शिकवले जातील, नसलेला विषय जुन्या शाळेत जाऊन घेता येईल का, जायची सोय काय, हे काउन्सेलरकडून ईमेलवर लेखी घ्या. मुलगा खेळत असेल तर पात्रतेबद्दलही तसंच विचारा. आणि एकदा त्यालाही विचारा. नव्या शाळेत रोबोटिक्सचा क्लब सुरू करणारा पहिला मुलगा व्हायला काहींना मनापासून आवडतं.

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक अर्ज फिरतोय. नव्या झोनमध्ये अपार्टमेंटमधली मुलं घेतली तर शाळेचं रेटिंग पडेल, म्हणून त्यांना वगळा असं त्यात आहे. सगळ्या मराठी घरांनी सह्या केल्यात. मी करू का?

नका करू.

तुम्ही या देशात आलात तेव्हा पहिलं वर्ष कुठे राहिलात? आपल्यातले बहुतेक जण दोन सूटकेस घेऊन अपार्टमेंटमध्येच उतरले आणि मुलांना तिथल्याच शाळेत घातलं. तेव्हा कुणी असा अर्ज फिरवला असता तर त्यातली ‘ती मुलं’ आपलीच असती.

या देशात शाळेच्या हद्दीला मोठा आणि वाईट इतिहास आहे. काळ्या मुलांनी गोऱ्या मुलांबरोबर बसू नये यासाठी पिढ्यान् पिढ्या रेघा ओढल्या गेल्या. १९५४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या ब्राउन निकालाने कायद्याने केलेली वेगळी शाळा घटनाबाह्य ठरली, तरी रेघा राहिल्याच. १९७१ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटच्या स्वान खटल्यात त्याच न्यायालयाला सांगावं लागलं की हे मोडायला हद्दी बदला, मुलांना बसने लांब न्यावं लागलं तरी चालेल. आज रंगाचं नाव कुणी घेत नाही. अपार्टमेंट म्हणतात, रेटिंग म्हणतात.

रेटिंगचंही सांगते. नव्या शाळेला ते नसतंच, तिच्या मुलांच्या परीक्षा व्हाव्या लागतात. आणि ते आकडे शिक्षकांच्या कष्टांइतकेच, बरेचदा जास्तच, पालकांच्या मिळकतीचे असतात. तुमच्या मुलीला कोण शिकवणार, वर्गात किती मुलं, मुख्याध्यापक कोण, हे विचारा. सही न करण्याचं कारण ग्रुपवर लिहायची हिंमत होत असेल तर लिहा. तुमच्यासारखंच वाटणाऱ्या आणखी दोघी-तिघी गप्प बसल्या असतील.

आम्ही एच-वन-बी व्हिसावर आहोत. मत नाही, मग आमचं कोण ऐकणार? आणि इंग्रजीत भरसभेत बोलायची भीती वाटते.

मत फक्त नागरिकांना, हे खरं, आणि त्याची किंमत मोजावी लागते. २०१६ च्या ऑगस्टमध्ये फ्रिस्कोच्या मतदारांनी शाळांसाठीची करवाढ नाकारली आणि चार नव्या शाळा उघडायला वर्षभर उशीर झाला. तेव्हा ज्या घरांतली मुलं शाळेत होती त्यांतली कित्येक मतदानाला जाऊच शकत नव्हती. तुमच्या ओळखीत जे नागरिक झालेत त्यांना निवडणुकीची तारीख आठवण करून द्या. शाळा बोर्डाच्या निवडणुकीला लोक कमी येतात, दहा-वीस घरांनी फरक पडतो.

बोलायला मात्र पासपोर्ट लागत नाही. टेक्सासमध्ये २०१९ पासून कायदाच आहे की कार्यक्रमपत्रिकेवरच्या विषयावर लोकांना बोलू दिलंच पाहिजे. तीन मिनिटं मिळतात, कधी दोनच. आधी नाव नोंदवावं लागतं आणि त्याची वेळ ठरलेली असते, ती चुकवू नका.

कधी बोलायचं ते त्याहून महत्त्वाचं. आपले लोक शेवटच्या रात्री गर्दी करतात. त्या वेळी नकाशा जवळजवळ ठरलेला असतो. पहिला मसुदा लोकांसमोर ठेवतात, ऑनलाइन अभिप्राय मागवतात, तेव्हा रेघ पेन्सिलीची असते. तेव्हा लिहा. स्वतःपुरतं, नेमकं मागा: आमच्या सबडिव्हिजनची एलिमेंटरीतली सगळी मुलं एकाच मिडल स्कूलला जाऊ द्या, किंवा शेवटच्या वर्षातल्या मुलांना हलवू नका. अशा मागणीला नियोजन विभाग आकड्यांनी उत्तर देऊ शकतो. ‘आमच्यावर अन्याय झाला’ याला काय उत्तर देणार?

इंग्रजीची भीती मी पाहिली आहे. कागदावर लिहून वाचा. माझ्या इतक्या वर्षांत कागद बघून वाचणाऱ्याला कुणी हसल्याचं आठवत नाही.

मुलाला ऑटिझम आहे. आत्ताच्या शिक्षिकेशी जमायला दोन वर्षं लागली. आता शाळा बदलणार.

तुमचं पत्र वाचून मी बराच वेळ थांबले. कायद्याने त्याचा आयईपी, म्हणजे खास त्याच्यासाठी लिहिलेला शिक्षणाचा आराखडा, त्याच्याबरोबर जातो आणि त्यात लिहिलेली प्रत्येक सेवा नव्या शाळेने पहिल्या दिवसापासून द्यायलाच हवी. इमारत कुठली हे मात्र साधारणतः डिस्ट्रिक्ट ठरवतो. म्हणून आत्ताच, शाळा सुटायच्या आधी, एआरडी बैठक (टेक्सासमध्ये आयईपी ठरवणारी समितीची बैठक) लेखी मागा आणि नव्या शाळेतलं कुणीतरी तिला हजर राहावं असा आग्रह धरा. उन्हाळ्यात रिकाम्या इमारतीत दोन-तीन फेऱ्या, वर्गाचे आणि कॅफेटेरियाचे फोटो, जुन्या शिक्षिकेने लिहून दिलेलं एक पान: काय केलं की तो शांत होतो, कशाने बिथरतो. हे सगळं आयईपीमध्येच लिहून घ्या. त्याचबरोबर जुन्या शाळेत राहू देण्याचा अर्जही करा. नाही म्हणाले तरी तुमचं काही जात नाही.

केरीत आमचा मोठा जुन्या शाळेत, धाकटी नव्या वर्षभर चालणाऱ्या शाळेत. सुट्ट्याच जुळणार नाहीत!

वेकच्या अशा शाळांत चार ट्रॅक असतात, नऊ आठवडे शाळा आणि तीन आठवडे सुट्टी. कॅलेंडर बदलायला आणि आहे त्या शाळेत राहायला अर्ज असतात, पण मुदत थोडी असते आणि राहू दिलं तरी बस मिळेलच असं नाही. भावंड त्या शाळेत आहे हे अर्जात पहिल्याच ओळीत लिहा. जूनमध्ये भारतात जायची तिकिटं आत्ताच काढू नका.

लेक पाचवीत जाईल. तिची जिवलग मैत्रीण रस्त्यापलीकडे राहते, ती जुन्याच शाळेत. लेक रोज रडते. मीही रडते.

एलिमेंटरीतलं शेवटचं वर्ष आहे, म्हणून आधी जुन्या शाळेत राहू देण्याचा अर्ज करा. पाचवीतल्या मुलांना बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये तिथेच थांबू देतात, ने-आण तुम्ही केलीत तर. मिळालं नाही तर मिडल स्कूल दोघींचं एकच आहे का ते नकाशात बघा. असेल तर ताटातूट एका वर्षाची आहे, आणि तिला ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर दाखवा.

माझ्या मुलीच्या वेळी मी चूक केली. ‘बघ, किती छान नवी शाळा’ म्हणत राहिले आणि ती बोलायचीच थांबली. तिला रडू द्या. शुक्रवारची संध्याकाळ मैत्रिणीची असं दोन्ही घरांनी मिळून ठरवा आणि पाळा. रविवारची मराठी शाळा दोघींची एकच असेल तर ती या वर्षी चुकवू नका. शाळेच्या पहिल्या दिवशी डब्यात तिच्यासाठी लाडू देता तसा एक जास्तीचा द्या, शेजारी बसेल तिच्यासाठी.